पलीकडच्या चाकाचा आवाज

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असा संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितलं, की माझं आयुष्यभराचं लेखन म्हणजे सुट्या भागांच्या याद्या. ब्रेकचे पॅड, दोन. ऑइल फिल्टर, एक. त्यापुढे माझी मजल गेलेली नाही. त्या म्हणाल्या, "काका, तेच लिहा, लोकांना आवडेल." लोकांना आवडेल की नाही ते मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट बरेच दिवस सांगायची राहिली आहे, आणि तोंडाने सांगायला गेलो की मी विषय बदलतो, म्हणून ती इथे लिहितो.

मी गाड्यांचा मिस्त्री. कोल्हापूरला उद्यमनगरात एकवीस वर्षं काम केलं. मग बहिणीने कागदपत्रं केली आणि आम्ही दोघं नवरा-बायको न्यू जर्सीत आयसेलिनला आलो. इथे एका गॅरेजात नोकरी होती. २००१ साली मालक थकला, त्याने जागा विकली आणि मी बावन्नाव्या वर्षी मोकळा झालो. नव्या मालकाच्या दारात जाऊन माझं इंग्रजी ऐकवण्यापेक्षा मी हत्यारं जुन्या व्हॅनमध्ये भरली आणि लोकांच्या घरी जाऊन गाड्या दुरुस्त करायला लागलो. गिऱ्हाईक सगळं आपलंच. शिकायला आलेली मुलं, सॉफ्टवेअरवाली जोडपी. त्या वर्षी पुष्कळांच्या नोकऱ्या डळमळीत होत्या, नवी गाडी घ्यायचा धीर कुणाला नव्हता, आणि जुन्या गाडीला मिस्त्री लागतोच. दोन-तीन महिन्यांत माझा नंबर सगळ्या अपार्टमेंटांत पोचला. नाव रघुनाथ, पण सगळ्यांचा मी रघूकाका.

घरी जाऊन काम करायचं म्हणजे घर कुठे असतं, तर असतो पार्किंग लॉट. आणि तिथे गाडी दुरुस्त करायला मनाई. अपार्टमेंटच्या ऑफिसातली बाई येताना दिसली की मी बॉनेट खाली टाकायचो आणि भाचीकडे पाहुणा आल्यासारखा उभा राहायचो. तेल लागलेले हात पाठीमागे. त्या बाईला सगळं कळत होतं असं मला आता वाटतं, कारण नंतर तिने स्वतःचीच गाडी मला दाखवली.

माझी ख्याती होती ती कानाची. गाडीचा आवाज ऐकून मी आजार सांगायचो. एका नागपूरच्या मुलाने फोन केला, "काका, वळताना मागून धप्प आवाज येतो, दोन गॅरेजवाल्यांनी बघितलं, त्यांना सापडत नाही." मी म्हटलं, फोन मागच्या सीटवर ठेव आणि एक चक्कर मार. ऐकलं आणि त्याला विचारलं, "गाडी घेतली तेव्हा पूजा केली होतीस का?" तो म्हणाला, "हो, आईने सांगितलं होतं." म्हटलं, मग डिकीतली स्टेपनी उचल आणि नारळ बाहेर काढ. नारळ निघाला. ही गोष्ट मंडळात इतकी फिरली की लोक मला लांबून हात दाखवण्याऐवजी कान दाखवायला लागले.

दुसरे एक गृहस्थ होते, मोठ्या हुद्द्यावरचे. ते इंटरनेटवरून सगळी कृती छापून आणायचे आणि माझ्या डोक्यावर उभे राहून वाचायचे. "काका, पान चार, इथे टॉर्क रेंच लिहिलंय." टॉर्क रेंच म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना. मी आयुष्यभर मनगटाच्या अंदाजाने नट आवळले होते. मला राग यायचा. पण त्यांनी तो पाना मला भेट दिला आणि वापरायला लागल्यावर कळलं, की माझं मनगट सकाळी एक बोलतं आणि संध्याकाळी दुसरं. हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही. आता छापून येईल, वाचतील.

असा हा माझा कान. तो घेऊन मी मुग्धाकडे गेलो.

मुग्धा मूळची अमरावतीची. नवरा कनेटिकटला प्रोजेक्टवर, शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारी जायचा. मी गेलो त्या शनिवारी मात्र त्याचं तिकडेच काम निघालं होतं. ही रोज टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या महामार्गावरून, एकेका बाजूला तीस-पस्तीस मैल गाडी चालवून ऑफिसला जायची. सातवा महिना लागला होता. बाळंतपणासाठी तिची आई आली होती, सुलोचनाबाई. घरात गाडी एकच, दहा-अकरा वर्षांची. ऑफिसला तीच, दुकानाला तीच आणि वेळ आली की हॉस्पिटलला जायचं तेही तिच्यातच. मुग्धाने फोनवर मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "काका, गाडी घुमतेय. मला भीती वाटायला लागलीय. एकदा नीट करून द्या, मग मी निवांत."

घुमणारी गाडी म्हणजे चाकाचं बेअरिंग, हे मला फोनवरच कळलं. ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाक फिरतं आणि गाडी फिरत नाही. या दोघांच्या मध्ये जे बसलेलं असतं ते बेअरिंग. पोलादाच्या दोन कड्या, त्यांच्यामध्ये गोळ्या आणि ग्रीस. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर आत शिरलं की गोळ्यांना खड्डे पडतात आणि त्या घासायला लागतात. सुरुवातीला दूरवरून विमान जावं तसा बारीक आवाज येतो. वेग वाढला की वाढतो. लोक काय करतात, तर रेडिओ मोठा करतात. पुढे चाक सैल होतं, आणि एक दिवस टर्नपाइकच्या वेगात ते अडकतं किंवा गाडीला सोडून जातं.

बदलणं अवघड नाही. अवघड असतं ते कुठल्या बाजूचं गेलंय हे ओळखणं, कारण तो आवाज पत्र्यातून सगळ्या गाडीभर पसरतो. त्यासाठी तीन परीक्षा असतात. पहिली रस्त्यावर. डावं वळण घेतलं की गाडीचं वजन उजव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर उजवं गेलं. दुसरी जॅकवर. चाक उचलायचं, एका हाताने फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंग तळहाताला मुंग्या आणतं. तिसरी, काढलेला भाग हातात घेऊन फिरवून बघायचा. उद्यमनगरात मला ज्यांनी शिकवलं ते बाबूमिस्त्री या तिसऱ्या परीक्षेशिवाय नवा भाग खोक्यातून काढू द्यायचे नाहीत. कानाने अंदाज घ्यायचा आणि खात्री हाताने करायची, असं त्यांचं सांगणं होतं.

शनिवारी सकाळी मी पोचलो. मुग्धाचे पाय सुजले होते म्हणून ती वर घरीच थांबली. सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी येते. शेजारी मीच बसते, मला आवाज ठाऊक आहे." मी चालवायला बसलो, त्या माझ्या उजवीकडे बसल्या. चांगली पंधरा मिनिटं गाडी फिरवली. माझ्या पायाखालून, डावीकडून, स्वच्छ घुंई ऐकू येत होती. बाई वाटेत काही बोलल्या नाहीत. पदर घट्ट धरून समोर बघत होत्या. देशातून नव्याने आलेली माणसं गाडीत अशीच गप्प असतात. आमची ही तर येऊन दहा वर्षं झाली तरी गप्पच असायची. शालन ओक ट्री रोडवर साडीच्या दुकानात कामाला. मी रोज तिला सोडायचो आणि आणायचो. कोल्हापुरात स्कूटरवर मागे बसली की घरापासून बाजारापर्यंत माझ्या कानाशी अखंड बोलणारी बाई. इथे गाडीत बसली की तोंडाला कुलूप. अमेरिकेने हिला मुकं केलं, असं मी मित्रांना सांगायचो.

परत येऊन मी डावं चाक काढायला घेतलं. मुग्धा वर बाल्कनीत उभी होती. तिने विचारलं, "काका, डावंच खराब आहे हे कसं कळतं?"

आता तिने साधं विचारलं होतं. पण मला ते टोचलं. नारळवाला मी, आणि ही काल गाडी शिकलेली मुलगी मला विचारतेय. मी म्हटलं, "कानाने कळतं. तीस वर्षं घातली आहेत त्यात." आणि मग त्या रागातच मी पुन्हा रस्त्यावर जाऊन वळणाची परीक्षा घेतली नाही, स्प्रिंगवर हात ठेवला नाही, आणि गंजलेलं बेअरिंग ठोकून ठोकून बाहेर काढलं ते तसंच भंगाराच्या बादलीत टाकलं. हातात घेऊन फिरवलं नाही. नवं बसवलं आणि दोन तासांत घरी आलो.

रविवारी मुग्धाचा फोन आला. "काका, आवाज अजून आहे. आई म्हणते तिच्या साइडने येतो."

मी म्हटलं, "शेजारी बसणाऱ्याला सगळे आवाज आपल्याच बाजूने येतात. आणि नवं बेअरिंग आहे, बसायला आठवडा लागतो."

हे खोटं होतं. नवं बेअरिंग पहिल्या फेऱ्यापासून गप्प असतं. त्याला बसायला वेळ लागत नाही. मला तेव्हाही ते माहीत होतं. फोन लवकर संपावा म्हणून मी बोललो. तिने विश्वास ठेवला आणि सोमवार, मंगळवार, बुधवार, त्या पोटाने, त्या चाकावर, टर्नपाइकवरून ये-जा केली. हे वाक्य लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा बाकीच्या सगळ्या लेखाला लागलेला नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता पुन्हा तिचा फोन. या वेळी ती रडकुंडीला आली होती. "काका, आईने चावी लपवलीय. देतच नाही. आज आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मला दहाला ऑफिसमध्ये रीच व्हायचंय. प्लीज येऊन तिला समजवा ना, की गाडी ओके आहे. तुमचं तरी ऐकेल."

गेलो. मनात चडफडत गेलो. दार उघडून मुग्धा बाजूला झाली. सुलोचनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकू, काय हे. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"पोरीचाच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही तरी असं करायला नको होतं."

अमेरिकेत मला कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. सगळ्यांचा काका. इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकला, आणि तो असा.

"तुम्हाला मी शनिवारी गाडीतच सांगितलं होतं," त्या पुढे म्हणाल्या. "एकदा पुलाजवळ आणि एकदा परत येताना. म्हटलं, माझ्या पायाखाली घरघर होतेय, जात्यात खडा गेल्यावर होते तशी. तुम्ही नुसते समोर बघत राहिलात. साधं हं सुद्धा केलं नाहीत. म्हटलं, बाईमाणसाला काय कळतं असं वाटलं असेल."

"काकू, तुम्ही वाटेत एक शब्द बोलला नाहीत," मी म्हटलं. मी अगदी खरं बोलत होतो.

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. खोटारड्या माणसाकडे बघतात तसं. मुग्धा मान खाली घालून उभी होती. मग त्यांनी तांदळाच्या डब्यात हात घालून चावी काढली, पदराला पुसली आणि म्हणाल्या, "मागच्या गल्लीपुरती मुग्धा चालवेल, सावकाश. तुम्ही माझ्या जागेवर बसा. मग तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

बसलो. अमेरिकेत गाडीत मी नेहमी चालवणाराच. शेजारच्या सीटवर बसायची वेळ मला क्वचित आली. गाडी निघाली. पंचवीसचा वेग झाला आणि माझ्या तळव्यांखाली फरशी थरथरायला लागली. आणि आवाज. घुंई कसली, चक्क घरघर. उजवीकडून, पुढून, माझ्या पायाखालून. अगदी त्या बाईंनी सांगितली तशी. मी उजवीकडे बसलो होतो, सगळी गाडी माझ्या डाव्या हाताला होती, कोल्हापुरात एकवीस वर्षं असायची तशी. मला सगळं ऐकू येत होतं. शनिवारी हे कुठे होतं, ते मला कळेना.

"मुग्धा, थांबव," मी म्हटलं. "इथून पुढे मी नेतो. चालण्याच्या वेगाने."

पार्किंगमध्ये आणून उजवं चाक जॅकवर घेतलं. वर आणि खाली धरून हलवलं. मजबूत धरलेलं चाक हलता कामा नये. हे डोळ्यांना दिसेल इतकं हललं. हाताने फिरवलं तर वाळूचं पोतं ओढावं तसा आवाज. त्या चाकाचे फार दिवस उरले नव्हते. दिवस म्हणायचे की मैल, ते मला सांगता येणार नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो. मुग्धा पोटावर हात ठेवून उभी होती. मी आपणहून सांगितलं, "शनिवारी मी चांगलं बेअरिंग काढलं, आणि हे खराब ठेवलं. आणि रविवारी फोनवर तुझ्याशी खोटं बोललो. नवं बेअरिंग कधी घुमत नाही."

ती एवढंच म्हणाली, "मी ऑफिसला सांगते की आज घरून लॉगइन करते." आणि वर गेली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

व्हॅनमध्ये भंगाराची बादली तशीच होती. शनिवारचं बेअरिंग मी बाहेर काढलं आणि फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. या गाडीला दोन्ही बाजूंना एकच माप लागतं. ते उचलून उजवीकडे बसवलं असतं तर तासाभरात काम झालं असतं. कोल्हापुरात आम्ही काही फेकत नाही. हातात धरून मी थोडा वेळ विचार केला. पण ते मी हातोड्याने ठोकून काढलं होतं. बाहेरून कितीही गोड फिरलं तरी मार खाल्लेल्या बेअरिंगचा भरवसा देता येत नाही. आणि त्या दिवशी मला माझाच भरवसा देता येत नव्हता. दुकानात जाऊन नवं आणलं.

मग काम केलं ते शिकाऊ असल्यासारखं, एकेक पायरी. चाक काढलं. मधला मोठा नट सोडवला. ब्रेकचा सांगाडा काढून तारेने स्प्रिंगला टांगला, म्हणजे त्याच्या नळीवर ताण येत नाही. ब्रेकची तबकडी काढली. मागच्या बाजूने तीन बोल्ट असतात, ते मिठाने खाल्लेले. तेल मारून वाट बघितली. सुलोचनाबाई खाली आल्या, एक स्टीलचं ताट माझ्याजवळ ठेवलं, आणि मी बोल्ट काढला की उचलून त्यात ओळीने मांडायला लागल्या. कुठून निघाला त्या क्रमाने. मी सांगितलं नव्हतं. बेअरिंग सुटलं, हातात घेऊन फिरवलं, त्यांच्याही हातात दिलं. त्यांनी फिरवलं आणि म्हणाल्या, "हेच." नवं बसवण्याआधी आतला गंज पॉलिश पेपरने घासून काढला. मोठा नट पान चारवाल्या गृहस्थांच्या टॉर्क रेंचने आवळला, या गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं तेवढाच.

चक्कर मारायला निघालो तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काकू, शेजारी बसा. ऐका आणि मला मोठ्याने सांगा." डावी वळणं घेतली, उजवी घेतली. गाडी परत लावली तेव्हा त्या माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आता गप्प आहे."

वर जाऊन मी स्वयंपाकघरातल्या सिंकशी हात धूत होतो. तेल सहज निघत नाही, वेळ लागतो. नळ बंद केला तर सुलोचनाबाई माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या. "साखर किती?" त्यांनी विचारलं.

"एक चमचा."

त्या हलल्या नाहीत. "मिस्त्री, मी हेच तुम्हाला त्या बाजूने दोनदा विचारलं. नळ बंद केल्यावर सुद्धा एकदा." मग हळूच म्हणाल्या, "तुमचा उजवा कान गेला आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

नव्हतं. खरंच नव्हतं. नंतर डॉक्टरने तपासलं, म्हणाला, हे कालपरवाचं नाही, जुनं आहे. मग माझ्याही लक्षात यायला लागलं. उद्यमनगरात माझ्या उजव्या हाताला ग्राइंडर होता आणि पत्रा ठोकणारा होता. गाडी तपासायची तर मी उजवा कान खिडकीबाहेर काढून चालवायचो. तो तिथेच गेला. पण देशात तो कान खिडकीकडे असायचा, आणि गाडी असायची डावीकडे, चांगल्या कानाला. इथे येऊन मी डावीकडे बसलो आणि सगळी गाडी मेलेल्या कानाकडे गेली. पत्र्यातून फिरून जे काही माझ्यापर्यंत यायचं ते डावीकडूनच यायचं. फोन मी डाव्या कानाला लावायचो, मला वाटायचं उजवा हात तेलकट असतो म्हणून. एकवीस अधिक दहा वर्षांची ती कीर्ती, ती अर्धीच होती.

सुलोचनाबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी पण तुम्हाला खोटारडे समजले. फिटंफाट." आणि चहात साखर घातली.

त्या संध्याकाळी शालनला दुकानातून आणायला गेलो. ती नेहमीसारखी येऊन उजवीकडे बसली, पिशवी मांडीवर. मी गाडी सुरू केली. ओक ट्री रोडची गर्दी, एक सिग्नल, दुसरा सिग्नल. त्या दिवशी मी पहिल्यांदाच रस्ता सोडून तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते.

मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली आणि इंजिन बंद केलं. पूर्ण वळून बसलो, डावा कान तिच्याकडे करून. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"नाही, सांग."

"लिंबं संपली म्हटलं. रोजचंच." ती थोडी घाबरली होती. "काय झालं? गाडी का थांबवली?"

"शालन, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. आज कळलं."

तिने ते ऐकलं आणि समोरच्या काचेकडे बघितलं. तिने विचारलं, "कधीपासून?"

"बहुतेक इथे आलो त्याच्या आधीपासून."

"म्हणजे गाडीत मी जे बोलायचे ते..."

"एकही शब्द पोचला नाही."

ती रडली नाही. आमची ही सहसा रडत नाही. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत म्हणाली, "मला वाटलं, इथे आल्यावर तुम्हाला माझं बोलणं नकोसं झालं. दुकानातल्या बाईचं काय ऐकायचं, असं. आधी मी दोनदा सांगायचे. मग एकदाच सांगायला लागले. मग म्हटलं, जाऊ दे. आता नुसती सवय राहिली आहे, माझं मीच बोलते."

दहा वर्षं. रोज सकाळ आणि संध्याकाळ. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतला नारळ मला फोनवरून ऐकू येत होता. मी तिला म्हटलं, "मला वाटलं तू मुकी झालीस." मग आम्ही दोघं तिथे बराच वेळ बसून होतो आणि लिंबं आणायची राहून गेली.

मुग्धाला मुलगी झाली. त्याच गाडीतून हॉस्पिटलला गेली. मी पुढे चार वर्षं काम केलं, २००८मध्ये गुडघ्यांनी जमिनीवर बसायला नकार दिला तेव्हा थांबलो. त्या चार वर्षांत मी एकही चाक तिन्ही परीक्षांशिवाय खोललं नाही, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला शेजारी बसवून, मान वळवून विचारलं, तुम्हाला कुठून ऐकू येतं. माझी कीर्ती थोडी कमी झाली. काका म्हातारे झाले, आता आपल्यालाच विचारतात, असं मुलं म्हणायची. त्यांना खरं कारण मी सांगितलं नाही, ते इथे सांगतो. मुग्धाचं ते चांगलं बेअरिंग मी टाकलं नाही. खंडेनवमीला हत्यारांबरोबर पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. अजूनही लोण्यासारखं फिरतं.

कानाला यंत्र लावून बघितलं. त्यात मला फक्त स्वतःच्या चघळण्याचा आवाज मोठा येतो. मग शालनला गाडी शिकवली. पन्नाशीच्या बाईला शिकवणं सोपं नाही, आणि मी शिक्षक म्हणून चांगला नाही, दोनदा ती गाडी रस्त्यात सोडून चालत घरी गेली. पण तिसऱ्या खेपेला तिला लायसन्स मिळालं. तेव्हापासून गाडी ती चालवते. मी तिच्या उजवीकडे बसतो. माझा चांगला कान तिच्याकडे.

परवा आम्ही बहिणीकडे निघालो होतो. टर्नपाइकवर ती दुकानातल्या मालकिणीच्या सुनेबद्दल सांगायला लागली, तिथून कोल्हापूरच्या शेजारणीवर गेली, तिथून तिच्या आईच्या पुरणावर. बोलण्याच्या नादात आमचा बाहेर पडायचा एक्झिट मागे गेला. मला पाटी दिसली होती. मी काही बोललो नाही. पुढचा एक्झिट अकरा मैलांवर होता.